सिकलचा कागद आणि मोडलेली सोयरीक



मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या ओट्यावर एक मावशी आमच्याजवळ येऊन टेकल्या. हातात घड्या पडून मऊ झालेला तपासणीचा कागद होता. म्हणाल्या, "ताई, पोरीचं सिकल निघालं. पाहुण्यांनी सोयरीक मोडली. आता हिचं कसं व्हायचं?"

कागदावर 'एएस' असे लिहिले होते. म्हणजे पोरगी सिकलसेलची वाहक आहे, रुग्ण नाही. तिला कधी सांधे धरत नाहीत, कावीळ होत नाही. शिवण क्लास चालवते, घर चालवते. आम्ही विचारले, "मुलाची तपासणी झाली का?" मावशी म्हणाल्या, "त्यांना कसं विचारावं? मुलाकडचे हायेत ते."

त्याच आठवड्यात वस्तीतल्या एका पोराने मोबाईलवर आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार झालेल्या गर्भाची जनुके तपासून, कोणते मूल उंच निघेल, कोणते हुशार निघेल, याचा अंदाज विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. आई-बापाने त्यातला हवा तो गर्भ निवडायचा. पोरगा म्हणाला, "आपल्याला काय करायचं याचं? आपल्याकडं सोनोग्राफीला पैसे नसतात." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मावशींचा कागद आणि त्या पोराचा व्हिडिओ या दोन गोष्टी आम्हाला एकमेकींपासून फार लांबच्या वाटल्या नाहीत. कोणते लेकरू जन्माला यावे, कोणते येऊ नये आणि हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

आधी सिकलसेलचे पाहू, कारण ते आपल्या घरातले आहे. १९५८ साली नागपूरचे डॉक्टर शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. विदर्भातल्या बौद्ध समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत हा दोष मोठ्या प्रमाणात आहे. हिंगोली मराठवाड्यात असली तरी आपल्या सोयरिकी पुसद, उमरखेड, वाशीम, रिसोडकडे आहेत. लेकी तिकडे जातात, सुना तिकडून येतात. म्हणून 'हे विदर्भाचं दुखणं' म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

प्रत्येकाला रक्ताच्या या गुणाचे दोन भाग मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकच भाग सिकलचा असेल तर माणूस वाहक म्हणजे 'एएस'. दोन्ही सिकलचे असतील तर रुग्ण म्हणजे 'एसएस'. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकरू रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. पहिले लेकरू आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. दर वेळी डाव नव्याने पडतो. आणि दोघांपैकी एकच वाहक असेल, दुसरा पूर्ण निरोगी म्हणजे 'एए' असेल, तर एकही लेकरू 'एसएस' होत नाही. मावशींच्या लेकीची सोयरीक मोडणाऱ्यांनी मुलाचे रक्त तपासले असते तर कदाचित मोडायची वेळच आली नसती. न तपासताच पोरीला दोषी ठरवून ते मोकळे झाले.

आपल्या घरात आजही असे बोलले जाते, की 'पोरीच्या रक्तातच खोट आहे'. हे शब्द कानावर पडले की आम्हाला बाबासाहेब आठवतात. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी नेमका हाच मुद्दा घेतला होता. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, वंश सुधारतो, असे म्हणणारे तेव्हा बरेच होते. भारतात कोणत्याच जातीचे रक्त शुद्ध राहिलेले नाही हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आणि विचारले, की वंशच राखायचा होता तर एकत्र जेवायला बंदी कशासाठी? जेवण्याने वंश बिघडत नाही. शुद्ध रक्ताच्या नावाखाली युरोपात पुढे काय झाले हेही आपल्याला माहीत आहे. जर्मनीत १९३३ साली कायदा करून 'आनुवंशिक आजारी' ठरवलेल्या लाखो माणसांची सक्तीने नसबंदी केली गेली.

सिकलचा हा भाग आपल्या पूर्वजांत टिकला कसा, याचेही उत्तर विज्ञानाकडे आहे. ज्यांच्यात तो एकच असतो, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात वाहक लेकरे जगली, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या पुढे आला. आज ज्याला खोट म्हणतात, त्यानेच आपल्या कित्येक आज्या-पणज्यांना लहानपणी वाचवले असेल.

आता त्या व्हिडिओतल्या गोष्टीकडे येऊ. बुद्धी किंवा उंची एका जनुकाने ठरत नाही. हजारो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, त्यावर आहार, शाळा, आजारपण, घरातले वातावरण. त्यामुळे विकला जाणारा अंदाज फार कच्चा आहे. २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञाने गर्भाची जनुकेच बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने गर्भाची अशी तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. उंची, रंग, हुशारी यांसाठी नाही. हा कायदा बरोबर आहे, असे आमचे मत आहे.

पण कायदा असून काय होते हे मराठवाड्याला कोणी सांगायला नको. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, तेव्हा सगळे जागे झाले. लेकरू निवडण्याची सोय मिळाली तेव्हा आपल्या मुलखाने काय निवडले, ते या आकड्यात आहे. तशीच सोय उद्या रंगाची आणि हुशारीची मिळाली तर काय निवडले जाईल? बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा सुनेला गोरे लेकरू व्हावे म्हणून केशराचे दूध पाजतात. केशराने रंग बदलत नाही, पैसे मात्र जातात. आणि आपल्याच परिचय मेळाव्यातल्या बायोडाटावर 'रंग : गोरा' हा रकाना अजून आहे. अमेरिकेतल्या कंपनीला नावे ठेवताना तो रकाना झाकून ठेवावा लागतो.

मग सिकलसाठी गर्भाची तपासणी करावी की नाही? दोघेही वाहक असतील तर पहिल्या काही महिन्यांतच, मोठ्या शहरातल्या केंद्रात, लेकरू रुग्ण आहे का हे कळू शकते. रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी अशी तपासणी कायद्याला मान्य आहे. इथे आमच्या मंडळातच एकमत नाही. काही जण पहिल्या शीलाचा दाखला देतात. काहींनी घरातले लेकरू हिवाळ्याच्या रात्री दुखण्याने तळमळताना पाहिले आहे, त्यांना तो दाखला पुरत नाही. आम्ही एवढेच ठामपणे म्हणतो, की तपासणी करायची की नाही आणि नंतर काय करायचे, हे त्या बाईने ठरवावे. सासूने नाही, डॉक्टरने नाही, या पानानेही नाही. अठरा वर्षांवरील बाईला कायदेशीर गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, हे पुष्कळ बायकांना कोणी सांगतच नाही.

आणि जे 'एसएस' लेकरू आज आपल्या गल्लीत खेळत आहे, त्याच्यासमोर 'असली लेकरं जन्मायलाच नको होती' असे बोलणे बंद झाले पाहिजे. फॉलिक अॅसिड रोज, डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, थंडी आणि उन्हापासून जपणूक, ताप आला की उशीर न करता दवाखाना. एवढे सांभाळले तरी दुखण्याच्या कळा बऱ्याच कमी होतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी अशा लेकराला सोबत नेण्याआधी दहादा विचार करावा, तिथे पाणी आणि दवाखाना दोन्ही लांब असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी जरूर विचारावे.

सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी जरूर करावी, पण त्या कागदाची नवी पत्रिका होऊ देऊ नये. गुण जुळवणे आपण सोडले ते असल्या गोष्टींसाठी नव्हे.

पुढच्या परिचय मेळाव्यासाठी आम्ही संयोजकांना दोन गोष्टी कळवल्या आहेत. बायोडाटातून रंगाचा रकाना काढावा. आणि सिकलचा अहवाल बायोडाटावर छापू नये, चारचौघांत वाचू नये. बोलणी पुढे सरकली की मुलगा आणि मुलगी दोघांनी आपापला कागद एकमेकांना दाखवावा, आधी मुलाने.

मावशींच्या त्या पाहुण्यांकडेही आम्ही माणूस पाठवला. मुलाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होईल, एकदा करून घ्या, एवढाच निरोप होता. मुलाच्या बापाने चहा पाजला आणि बघू म्हणाले. मुलाची आई मात्र आमच्या माणसाला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच विचारले, "तपासणी कुठल्या वारी असते?"