अश्वशक्तीचें प्रमाण
हिंजवडीस आमच्या घरीं मोटार घेण्याचा विचार निघाला, तेव्हां पुतण्यानें जाहिरातींतील अश्वशक्तीचा आंकडा कौतुकानें वाचून दाखविला. आम्हीं विचारलें, “बाळ, ही मोजली कोठें?”

परीक्षागृहांत एंजिन डायनॅमोमीटरला जोडून त्यावर भार घालतात. एंजिनाचा पीळ व फेऱ्यांची गति यांच्या गुणाकारानें शक्ति निघते. मग तो आंकडा २५ अंश सेल्सिअसच्या प्रमाणित हवेस जुळवितात. पुण्यांत १९६६ सालीं स्थापन झालेली ‘ए.आर.ए.आय.’ ही संस्था अशा परीक्षा करते. चाकांपाशीं मोजल्यास मात्र मधल्या घर्षणामुळें आंकडा उतरतो. शिवाय पुण्याची उंची सुमारें ५६० मीटर. येथील विरळ हवेंत टर्बो नसलेल्या एंजिनाचें बळ आणखी घटतें.

म्हणून वाचकहो, सारें कुटुंब घेऊन ताम्हिणी घाट चढावयाचा असेल, तर आंकड्याबरोबर त्याचें प्रमाणही विचारावें.