शेळी, कुंपण आणि रुपेरी झाड



मागे याच पानात डोंगरावरच्या चराईबंदीविषयी लिहिले होते. त्यावर एका शेळीवाल्या बाईंनी मला विचारले, "साहेब, बंदी केल्यानं डोंगर खरंच उठतो का? आणि तोवर आमच्या शेरडांनी खायचं काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो, पण जरा लांबच्या वाटेने.

लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा तिने आम्हां दोघांना हवाई बेटांवर नेले. तिथल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखीचा डोंगर आहे. नावाचा अर्थ सूर्याचे घर. उंची 3055 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. त्यातून लाव्हा निघून आता चारशे वर्षे उलटली. 1916 पासून त्याचा माथा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला आहे. खालच्या उतारावर कुला भागात गोड कांदा पिकतो. आपला सह्याद्रीही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच, आणि आपली काळी जमीन त्याच कातळाची झीज. त्यामुळे मला तो डोंगर परका वाटला नाही.

माथ्यावर नुसती राख आणि खडी. त्यात एक रुपेरी झाड उगवते, आहिनाहिना. सूर्यफूल आणि करडईच्या कुळातलेच. पानांवर चंदेरी लव असते, ती कडक उन्हापासून राखते. हे झाड कित्येक वर्षे, कधी कधी पन्नासाहून अधिक वर्षे, नुसते वाढते. मग एकदाच माणसाच्या उंचीचा तुरा काढते, बी टाकते आणि मरते. म्हणजे तुऱ्याआधी ओरबाडले, की वंश बुडाला.

या बेटांवर पूर्वी चार पायांचे चरणारे जनावर नव्हते. म्हणून झाडाला ना काटा, ना कडूपणा. 1778 साली कॅप्टन कुकच्या जहाजातून पहिल्या शेळ्या उतरल्या. पुढे त्या रानटी झाल्या आणि माथ्यापर्यंत पोचल्या. माणसांनीही गंमत म्हणून झाडे उपटली. 1920 च्या सुमारास झाड संपायच्या बेतात आले. नंतर उपटण्यास बंदी झाली. 1980 च्या दशकात उद्यानाला कुंपण घालून शेळ्या बाहेर काढल्या, आणि झाडे पुन्हा हजारोंनी उभी राहिली. नेने नावाचा तिथला रानहंसही माउईवरून नाहीसा झाला होता. 1962 पासून पिल्ले आणून सोडली, काही तर बालवीरांनी पाठीवरून वर नेली. आज ते पक्षी तिथे चरताना दिसतात.

तेव्हा बाई, डोंगर उठतो. पण दुसरी बाजूही सांगतो. 1990 नंतर ऊन आणि कोरड वाढली, तशी ती झाडे पुन्हा घटू लागली. कुंपणाने शेळी अडते, उन्हाळा अडत नाही.

शिवाय तिथल्या शेळ्या बिनमालकाच्या होत्या. आपल्या शेळीवर कुणाचे तेलमीठ चालते, कुणाच्या पोराची शाळा चालते. नोकरीच्या सुरुवातीला मी चराईबंदीची बैठक फक्त जमीनवाल्यांची घेतली. शेळीवाल्यांना ती कळली दंडाच्या पावतीवरून. वर्षभरात बंदी मोडली. दोष माझा होता.

म्हणून सांगतो, सगळा डोंगर एकदम बंद करू नका. त्याचे तीन भाग पाडा, एक बंद ठेवा, दोन मोकळे. बंद भागातले गवत विळ्याने कापून न्यावे, आणि पहिला वाटा शेळीवाल्यांना द्यावा. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ आधी लावा, पाला हाताशी आला की मगच बंदी घाला. आणि ग्रामसभेत शेळीवाल्या बायांना पुढे बसवा. त्यांनी राखले तरच डोंगर राहील.

पुढच्या आठवड्यात शेवरीच्या लागवडीबद्दल पाहू.