अली की टायसन? सहाव्या राऊंडनंतर बोलू!

मेस्सी की रोनाल्डो हा वाद मिटला (मिटत नाही, सगळे फक्त दमतात) की ग्रुपमधला एखादा जिमवाला हमखास विचारतो, 'अली आणि टायसन समोरासमोर आले असते तर?' मग काय, झोपेचं खोबरं! निम्मे अलीच्या बाजूने, निम्मे टायसनच्या, आणि एक जण मोबाइल काढून रील दाखवायला लागतो.

मेस्सी-रोनाल्डो निदान एकमेकांविरुद्ध खेळले तरी. इथे तीही सोय नाही. मुहम्मद अली शेवटची फाइट लढला डिसेंबर १९८१ मध्ये. तेव्हा माइक टायसन १५ वर्षांचा होता. म्हणजे ही मॅच फक्त आपल्या डोक्यातच होऊ शकते. पण डोक्यातल्या मॅचलाही काही नियम हवेत की नाही? माझं भांडण तिथेच आहे.

आधी टायसनच्या पार्टीचं ऐकू, कारण त्यांचा मुद्दा फालतू नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राऊंडमध्ये झोपवून टायसन हेवीवेट चॅम्पियन झाला, तेव्हा त्याचं वय होतं २०. आपण त्या वयात एसवायची केटी सोडवत असतो. इतक्या कमी वयाचा हेवीवेट चॅम्पियन त्याआधी झाला नव्हता, नंतरही नाही. जून १९८८ मध्ये तोवर एकही फाइट न हरलेल्या मायकल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत संपवलं. उंची ५ फूट १० इंच, म्हणजे हेवीवेटमध्ये बुटकाच. पण त्याचे गुरू कस डी'अमाटो यांनी त्या उंचीचंच हत्यार केलं. दोन्ही हात गालांना चिकटवायचे, डोकं सतत हलवत ठेवायचं, समोरच्याच्या ठोशाखालून आत घुसायचं आणि तिथून हुक मारायचा.

आणि ६ फूट ३ इंचांच्या अलीला त्रास कशाचा व्हायचा? डाव्या हुकचाच! १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कला जो फ्रेझरने त्याला पाडलं, ते डाव्या हुकने. त्यातला फ्रेझर तर टायसनसारखाच, वाकून आत घुसणारा. म्हणजे पहिले चार राऊंड अलीसाठी जाम डेंजर, हे मलाही मान्य.

टायसनवाल्यांचा दुसरा मुद्दा मात्र दिसायला भारी, आतून पोकळ. ते साखळी लावतात. १९८० मध्ये लॅरी होम्सने अलीला हरवलं, १९८१ मध्ये बर्बिकने हरवलं. पुढे टायसनने या दोघांनाही चार राऊंडच्या आत गार केलं. म्हणजे टायसन मोठा, विषय संपला! अरे, जरा वयं तरी बघा. होम्ससमोर उतरला तेव्हा अली ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं रिंगपासून लांब होता. १९८८ मध्ये टायसनसमोर आला तेव्हा होम्सही ३८ वर्षांचाच होता आणि तोही पावणेदोन वर्षांनी परतला होता. यातून सिद्ध काय होतं? अडतिसाव्या वर्षी सोफ्यावरून उठून रिंगमध्ये गेलात तर मार बसतो, एवढंच.

यावर दोन्ही पार्ट्यांचं उत्तर ठरलेलं असतं, 'प्राइममधला घे ना!' आणि खरी चीटिंग इथेच होते. अलीवाले १९६६-६७ च्या अलीचे पाय घेतात, जो रिंगभर नाचायचा आणि कुणाच्या हाती लागत नव्हता. त्याला ते १९७४ च्या अलीची सहनशक्ती जोडतात. हा अली कधी अस्तित्वातच नव्हता. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब आणि लायसन्स काढून घेतलं गेलं आणि पंचविशीतली साडेतीन वर्षं गेली. परत आला तो वेगळा बॉक्सर होता, पाय जड झालेला. टायसनवाले उलटं करतात. ते १९८८ नंतरचं सगळं कापून टाकतात. टोकियोतला पराभव नाही, १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात झालेली शिक्षा नाही, होलीफिल्डचा चावलेला कान नाही. उरतं ते तीस सेकंदांचं रील, त्यात मागे दणदणीत म्युझिक.

असला खेळ रील यायच्या कितीतरी आधी झालेला आहे. १९६९ मध्ये, अलीवर बंदी असताना, त्याला आणि ४९ पैकी ४९ फाइट जिंकून निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोला स्टुडिओत उतरवलं गेलं. लुटुपुटूचे राऊंड शूट झाले, शेवटही वेगवेगळे शूट झाले. निकाल कम्प्युटर देणार, अशी जाहिरात झाली. जानेवारी १९७० मध्ये फिल्म थिएटरात आली, त्याआधीच मार्सियानो विमान अपघातात गेला होता. अमेरिकेत लोकांनी पाहिलं की तेराव्या राऊंडमध्ये मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या फिल्ममध्ये जिंकला अली! आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. आज चॅटबॉटला विचारून 'बघ, एआय पण टायसनच म्हणतंय' असं सांगणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

मग ठरवायचं कसं? माझं म्हणणं साधं आहे. कोण किती जोरात मारतो हे बघू नका. प्लॅन फसल्यावर कोण काय करतो ते बघा.

टायसनचा स्टॅमिना कमी होता असं नाही. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकरविरुद्ध तो पूर्ण १२ राऊंड लढला आणि जिंकला. पण या स्मिथने त्याला मिठ्या मारमारून अडवून ठेवलं आणि टायसनचं मशीन थंड पडलं. उंच माणसाने बुटक्याला जवळ ओढून गळ्यात लटकायचं, हे अलीने १९७४ मध्ये फ्रेझरबरोबरच्या दुसऱ्या फाइटमध्ये रात्रभर केलं होतं. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने लांब हातांचा जॅब वापरून टायसनला लांब ठेवलं. आठव्या राऊंडमध्ये डग्लस पडला, उठला आणि दहाव्यात त्याने टायसनला पाडलं. आता एक गोष्ट नीट वाचा. खाली पडल्यावर उठून टायसनने आयुष्यात एकही फाइट जिंकलेली नाही. अलीने कूपरविरुद्ध जिंकली. फ्रेझरने पंधराव्या राऊंडमध्ये पाडल्यावरही तो उठला आणि उभ्यानेच हरला. १९७४ मध्ये किन्शासाला जॉर्ज फोरमनचे ठोसे त्याने दोरांना टेकून सात राऊंड खाल्ले आणि आठव्यात त्यालाच झोपवलं. फोरमनचा हात टायसनपेक्षा हलका होता, असं कुणी म्हणणार आहे का?

'टोकियोतला टायसन खरा टायसन नव्हता, डी'अमाटो गेले होते, ट्रेनर केव्हिन रूनीला त्याने काढलं होतं,' असं कुणी म्हणेल. खरंय ते. पण अलीच्या आयुष्यात तरी कुठे सगळं आलबेल होतं? कोर्टकचेऱ्या चालू, कमाई बंद, अर्धा देश विरोधात. त्यातून माणूस कसा परत येतो, तेही प्राइममध्येच मोजायला हवं.

म्हणून माझं मत अलीला. पहिल्या चार राऊंडमध्ये एकदा पडेल, सहाव्यानंतर टायसनला प्रश्न पडायला लागतील, दहाव्याच्या आसपास खेळ खल्लास.

पण हे लिहिताना एक गोष्ट टोचते. ज्या गुणावर मी अलीला जिंकवतेय, तो म्हणजे मार खाण्याची ताकद, त्याचंच बिल त्याला भरावं लागलं. १९८४ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी त्याच्या पार्किन्सनचं निदान झालं. डोक्याला बसलेल्या माराचा त्यात वाटा असावा, असं अनेक डॉक्टरांचं मत आहे. पुढची ३२ वर्षं तो त्या आजाराबरोबर जगला. काल्पनिक फाइटची मजाच ही, की त्यात कुणाचं डोकं फुटत नाही. आपल्याला मात्र तेवढ्यावर राहवत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या टायसनला २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उभं केलं गेलं आणि जगभरातले लोक नेटफ्लिक्सचं बफरिंग सहन करत जागे राहिले. रीलमधला टायसन तिथे आलाच नाही. आला तो एक थकलेला माणूस, आठ राऊंड कसाबसा उभा राहिलेला.

तेव्हा पुढच्या वेळी वाद घालायचा असेल तर जरूर घाला, मी येते. फक्त अट एकच. आधी किन्शासाची आणि टोकियोची, दोन्ही फाइट्स पहिल्या बेलपासून शेवटपर्यंत बघून या. दोन्ही मिळून दीड तास पण लागत नाही. एका पिक्चरपेक्षा कमी!