मोबाइलमधले विमान

मोबाइलवरच्या खेळाचे नाव काढले की आपल्यासारख्या शाळेत शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. पण एक खेळ असा आहे, जो खुद्द हवाई दलानेच मुलांच्या हातात दिला. ३१ जुलै २०१९ रोजी तेव्हाचे हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल बी. एस. धनोआ यांनी ‘इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह’ या खेळाचे उद्घाटन केले. बालाकोटच्या कारवाईला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते, आणि खेळातल्या एका वैमानिकाच्या मिशा थेट अभिनंदन वर्धमान यांच्या मिशांची आठवण करून देत होत्या. मुलांना हवाई दलाची ओढ लागावी, हा हेतू उघड होता.

ओढ लागते, यात शंका नाही. विमानाच्या जवळ कधी जायला न मिळालेल्या मुलाला फुकटात कॉकपिटमध्ये बसायला मिळते. मिराज कोणते, सुखोई कोणते, हे तो शेपटीवरून सांगू लागतो. ज्या सुखोईवर आपण बोटे फिरवतो ते नाशिकजवळच्या ओझरला बांधले गेले, हे कळल्यावर मराठी मुलाची छाती फुगते, आणि फुगावी. फरीदाबादेत डबुआला हवाई दलाचे ठाणे आहे, हवाई दल दिनाचे संचलन वर्षानुवर्षे पलीकडच्या हिंडनला झाले. तरी आपल्यातल्या किती मुलांनी लढाऊ विमान हात लावता येईल इतक्या जवळून पाहिले असेल? ही उणीव मोबाइल भरून काढतो. म्हणून ‘सगळे खेळ वाईट’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

माझी तक्रार खेळ काय गाळतो याबद्दल आहे. पहिले म्हणजे शरीर. लढाऊ विमान जोरात वळते तेव्हा वैमानिकाला आपले वजन नऊपटीपर्यंत जाणवू शकते. हेल्मेटसह डोके सहा किलोचे धरले, तर मानेवर चोपन्न किलोचा भार आला. रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यासाठी खास सूट आणि श्वास रोखून पोट-मांड्या आवळण्याचा सराव लागतो. पलंगावर लोळून खेळणाऱ्याला यातले काही कळणे शक्य नाही. मग पहाटेची पीटी कशासाठी, हा प्रश्न त्याला पडतो. (पीटीचे उस्ताद हे वाचत असतील तर त्यांना बरे वाटेल.)

दुसरे, पाय. मोबाइलला पेडल नसते. उड्डाण शाखेसाठी जी संगणकीय चाचणी घेतात, सीपीएसएस, तिच्यात हात आणि पाय दोन्ही चालवावे लागतात, शिवाय उपकरणांचे काटे वाचून विमान कसे उडते आहे ते ओळखावे लागते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुन्हा संधी नाही, मग लेखी परीक्षेत कितीही गुण असोत. दोन अंगठ्यांवर तरबेज झालेला मुलगा ‘मला विमान येते’ अशा समजुतीने तिथे गेला, तर त्याची फसगत ठरलेली. आपल्या इकडे जानेवारीत दाट धुके पडले की वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नाही. कानातला तोल सांगतो की विमान सरळ आहे, काटा सांगतो की ते कलले आहे. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवायचा असतो. खेळात कानाला तोल सांभाळावाच लागत नाही, त्यामुळे काट्यांकडे कोणी बघतही नाही. सगळे लक्ष शत्रूच्या विमानावर. उतरताना चूक झाली तर पुन्हा सुरू करायचे बटण असते.

पण सर्वांत मोठी गोष्ट डोळ्यांची, आणि इथे पालकांनी जरा थांबून वाचावे. एनडीएतून उड्डाण शाखेत जायचे तर एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, आणि चष्म्याचा मायनस नंबर चालत नाही. लेसर करून घेऊ म्हणावे, तर ती शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधी झालेली चालत नाही, आणि एनडीएचे वय त्याआधीच उलटते. एम्सच्या नेत्रतज्ज्ञांनी दिल्लीच्या शाळांतील जवळजवळ दहा हजार मुलांचे डोळे तपासून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १३ टक्के मुलांना मायनस नंबर होता. जी मुले मोबाइल-व्हिडिओ खेळ खेळत त्यांच्यात तो जास्त आढळला, आणि रोज दोन तासांपेक्षा जास्त वेळ मैदानात घालवणाऱ्यांत कमी. तासन्तास पुस्तकात डोके घालणाऱ्यांतही तो जास्तच होता, तेव्हा सगळे खापर खेळावर फोडता येत नाही. पण पुस्तक टाळता येत नाही, खेळ कमी करता येतो. सहा इंची पडद्यावर वैमानिक होता होता खरा वैमानिक होण्याचे दार बंद व्हावे, आणि तेही हवाई दलाच्याच खेळाने, ही गोष्ट मला फार लागते.

वसतिगृहात मोबाइल नसतो, त्यामुळे सगळी कसर सुट्टीत निघते. पालकांनी सुट्टीत अर्धा तास खेळू द्यावे, जमल्यास मुलाशेजारी बसून. आणि सुट्टी संपण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, फळा दिसत नाही अशी तक्रार यायची वाट पाहू नये.

कॅडेट मित्रांनो, तुमच्यासाठी एक बिनपडद्याचा खेळ आहे. वैमानिक आदल्या रात्री साध्या खुर्चीवर बसतात, डोळे मिटतात आणि दुसऱ्या दिवशीचे उड्डाण सुरुवातीपासून मनात करतात. कोणता हात कुठे, कोणता पाय कधी, रेडिओवर काय बोलायचे, इंजिन बंद पडले तर पहिले काय. खुर्ची प्रत्येक वर्गात आहे. आणि शाळेला एक विनंती, एव्हिएशन क्लबसाठी पेडलसह एक जॉयस्टिक घ्यावी. ती संगणकाला जोडता येते, आणि पडदा हातभर तरी लांब राहतो.