आठवीच्या वर्गात मुली किती?

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की घराघरांत एकच विषय सुरू होतो. पाचवीला कुठे घालायचं? सहावीला शाळा बदलायची का? चौथीपर्यंत घराजवळची शाळा चालून जाते, पुढे मात्र 'चांगली' शाळा हवी, यावर सासू-सुनेचंही एकमत असतं. मग भिशीत, लोकलच्या लेडीज डब्यात, भाजीवालीसमोर या चांगल्या शाळेचा शोध सुरू होतो. कुणाची स्कूलबस दारात येते, कुणाच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स आहे, कुठली पोरं आपसात इंग्रजी बोलतात... आणि महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा? तिचा निकाल तर आपण आत पाऊल न टाकताच लावून मोकळ्या होतो. 'तिथे कोण जातं?'

जातात, मैत्रिणींनो. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी जाते, वॉचमनचा मुलगा जातो. गावाकडे तर आपल्याच दिराची, नणंदेची मुलं जातात. त्यामुळे ही शाळा चांगली की वाईट, हा प्रश्न आपल्या मुलांच्या अ‍ॅडमिशनपुरता नाही. ती जशी असेल, तसं हजारो मुलींचं पुढचं आयुष्य असेल. पण ती ठरवायची कशावरून?

आधी फ्लेक्सवरच्या निकालाचं बघू. दही घट्ट लागलं तर कौतुक कुणाचं, विरजणाचं की दुधाचं? म्हशीच्या सकस दुधाचं दही कुणीही लावेल. पातळ दुधाचं दही घट्ट लावून दाखवलं, तर त्या हाताचं कौतुक. ज्या शाळेत प्रवेशालाच मुलाची आणि आईवडिलांची मुलाखत होते, घरी पुस्तकं असतात, संध्याकाळी क्लास असतो, तिथला निकाल चांगला लागणारच. त्यात शाळेचा वाटा किती? उलट आईवडील दिवसभर कामावर, घरी विचारायला कुणी नाही, अशी मुलगी सहावीत अडखळत वाचत आली आणि आठवीतून धडा समजून घेऊन बाहेर पडली, तर त्या शाळेनं खरं काम केलं. म्हणून शाळेचं मोजमाप तिच्या पहिल्या नंबराच्या मुलावरून करू नये. मागच्या बाकावरचं मूल तीन वर्षांत किती पुढे सरकलं, ते बघावं.

हे पुढे सरकणं किती गरजेचं आहे, ते आकडेच सांगतात. 'प्रथम' संस्थेचा 'असर' हा अहवाल २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासतो. २०२२च्या अहवालानुसार आठवीतल्या साधारण ७० टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमत होतं जेमतेम ४५ टक्क्यांना. आणि बरं का, यात फक्त सरकारी शाळांतली मुलं नाहीत, खासगी शाळांतलीही आहेत. म्हणजे टायबुटातलं मूलसुद्धा भागाकाराशी अडलेलं असू शकतं!

सहावी ते आठवी हा टप्पा असा मधल्या मुलासारखा आहे. थोरल्याचं, म्हणजे दहावीचं, कौतुक आणि धाक. धाकट्याचे, म्हणजे पहिलीचे, लाड. मधल्याकडे कुणाचं लक्ष नसतं. खरं तर याच तीन वर्षांत गणितात अक्षरं येतात, विज्ञानाचे प्रयोग येतात, भूगोल गावाबाहेर पडतो. इथे सुटलेला धागा दहावीला हाती लागत नाही. मग 'तिला गणित जमतच नाही' असं आपणच म्हणून टाकतो. न जमायला ती नेमकी कुठल्या वर्षी लागली, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

मग शाळेत जाऊन बघायचं काय? भिंतीवरचे रंग आणि कॉम्प्युटर रूमचं कुलूप बघून परत येऊ नका. पहिला प्रश्न अगदी साधा विचारा. ही शाळा कितवीला संपते?

आपल्याकडे वर्षानुवर्षं पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी वाटणी होती. शिक्षण हक्काचा कायदा २००९मध्ये झाला, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी नवी वाटणी आली. कागदावर आली, पण कितीतरी गावांत शाळा चौथीला किंवा सातवीलाच संपत राहिली. पुढचा वर्ग कुठे, तर दुसऱ्या गावात. नियमानं उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर ३ किलोमीटर म्हणजे बोटभर अंतर. पण मधे ओढा असेल, उसाची शेतं असतील, रस्त्यावर चिटपाखरू नसेल, तर बाराव्या वर्षात पाऊल टाकलेल्या मुलीच्या आईला ते किती वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलाला सायकल मिळते. मुलीला 'आता पुरे' मिळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलतं आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला हीच लागते. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटीनं अनेक मुलींची शाळा वाचवली, ती या अंतरावर उपाय केल्यामुळे. म्हणून शाळेच्या हजेरीपटावर एक हिशेब जरूर बघा. पाचवीत मुली किती होत्या आणि तीन वर्षांनी आठवीत किती उरल्या? ज्या गळल्या, त्या कुठे गेल्या, हे गुरुजींना किंवा बाईंना सांगता येतं का? जिला आपल्या प्रत्येक मुलीचा ठावठिकाणा माहीत आहे, ती शाळा निम्मी परीक्षा तिथेच पास झाली.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. शिक्षक किती, एवढंच विचारून भागत नाही. या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, असं कायदा सांगतो. जिल्हा परिषदेत यांना पदवीधर शिक्षक म्हणतात. आता भाषेच्या बाईंनाच विज्ञान शिकवावं लागत असेल, गणिताची जागा दोन वर्षं रिकामी असेल, तर वर्गाबाहेरच्या बागेत कितीही गुलाब फुलले तरी काय उपयोग? शिक्षक वर्गात किती दिवस असतात, तेही विचारा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून इतर कामांना शिक्षकांना जुंपू नये, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात माहिती भरण्यातच त्यांचा किती जीव जातो, ते एखाद्या शिक्षिकेजवळ बसून ऐका. ती कामचुकार आहे की कामाखाली दबलेली, हे न बघता शिक्का मारू नका. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवं. त्यातले आपल्या मुलांच्या वाट्याला किती आले, हे विचारण्याचा मात्र आपल्याला पूर्ण हक्क आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलांच्या वह्या. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा वही जास्त खरं बोलते. सगळ्यांच्या वहीत तेच उत्तर, त्याच शब्दांत असेल, तर ते फळ्यावरून उतरवलंय. मुलीनं स्वतःचं वाक्य लिहिलंय का? चुकलेलं गणित नुसती लाल फुली मारून सोडलंय, की खाली ते पुन्हा करून घेतलंय? २०१०नंतर आठवीपर्यंत नापास करणं थांबलं आणि 'मग अभ्यास कशाला?' अशी तक्रार सुरू झाली. २०२३-२४पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, पुन्हा परीक्षा घ्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं, असा नियम झाला. पण परीक्षा म्हणजे थर्मामीटर. त्यानं ताप कळतो, उतरत नाही. शाळेला विचारायचा प्रश्न आहे तो हा, की सहावीतली जी मुलं वाचनात मागे आहेत त्यांची नावं तुमच्याकडे आहेत का, आणि त्यांच्यासाठी आठवड्यातून किती वेळ राखलाय?

चौथी गोष्ट ऑफिसातल्या कागदावर दिसत नाही, ती आपल्यालाच बघावी लागते. मुलींचं स्वच्छतागृह! कायद्यानं मुलींसाठी ते वेगळं हवं. 'आहे' असं उत्तर मिळालं की तिथेच थांबू नका. आत जा. नळाला पाणी आहे का? कडी लागते का? कचऱ्याचा डबा आहे का? की किल्ली ऑफिसात असते आणि ती मागायला सरांसमोर उभं राहावं लागतं? सातवीतली मुलगी सकाळपासून पाणी न पिता बसत असेल, किंवा महिन्यातले चार दिवस घरीच राहत असेल, तर वर्षाकाठी तिचे किती तास बुडाले, याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रकात येत नाही. आपण बायका मात्र तो एका नजरेत करू शकतो.

तसंच दुपारच्या जेवणाचं. शाळेत शिजवलेलं जेवण सहावी ते आठवीच्या मुलांनाही २००८पासून मिळू लागलं. या वयासाठी दिवसाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे. एरवी 'खिचडीची शाळा' म्हणून आपण नाक मुरडतो. पण एकदा जाऊन डाळ किती पातळ आहे, भाजी आहे की नाही, मुलं आवडीनं खातात की टाकतात, हे बघावं. स्वयंपाकातलं कळणाऱ्या आपल्यापेक्षा चांगली तपासनीस आणखी कोण मिळणार?

'आम्हाला आत कोण येऊ देणार?' असं कुणी म्हणेल. ऐका तर मग. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा तयार करणं, मिळालेला पैसा कसा खर्च झाला ते पाहणं हे तिचं काम. भरमसाट फी भरून ज्या विनाअनुदानित शाळेत आपण मुलं घालतो, तिथे कायद्यानं ही समिती नाही! २०२४-२५ साली राज्यानं गणवेशाचा कारभार समित्यांकडून काढून वर नेला. तेव्हा गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, ओरड झाली आणि डिसेंबर २०२४मध्ये ते काम पुन्हा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. मापाचा फ्रॉक गावातल्याच बाईला कळतो, एवढी साधी गोष्ट!

पण या समितीतल्या बाया बरेचदा सहीपुरत्या असतात. वही घरी येते, 'इथे करा' म्हणून बोट दाखवलं जातं, काम झालं. यात त्यांचा दोष नाही. बैठक सकाळी अकराला ठेवली तर शेतावर किंवा धुण्याभांड्याला गेलेली बाई दिवसाची मजुरी बुडवून कशी येणार? म्हणून बैठक केव्हा होते आणि तिथे बाया बोलतात का, यावरूनही शाळेची पारख करावी. आपली कामवाली अशा समितीवर असेल, तर त्या दिवशी तिला दोन तासांची सुट्टी द्या, पगार न कापता. शिक्षणासाठी देणगी द्यायची असेल, तर ही घ्या पावतीशिवायची देणगी.

हे सगळं वेळेत करायला हवं, कारण शाळा एका दिवसात बंद पडत नाही. आधी जरा बऱ्या घरची मुलं जातात. पट उतरतो. पट उतरला की शिक्षक कमी होतात. शिक्षक कमी झाले की उरलेलेही जातात. सप्टेंबर २०२३मध्ये २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची योजना पुढे आली, तेव्हा राज्यभर विरोध झाला. मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर सहावी ते आठवीच्या लहान वर्गांना शिक्षक मिळणार का, यावर वाद पेटला. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतात, हे म्हणणं खोटं नाही. पण एखाद्या वाडीवरचा वर्ग बंद होतो तेव्हा ज्यांच्याकडे गाडी आहे ते दुसरीकडे जातात. जिच्याकडे गाडी नाही, ती घरी बसते. आणि ती बहुधा मुलगीच असते.

प्रत्येकीनं आपलं मूल सरकारी शाळेत घालावंच, असा इथे मुळीच आग्रह नाही. काही शाळा खरंच वाईट आहेत, तिथे मुलांना अडकवून ठेवणं योग्य नव्हे. पण वाईट म्हणायचं तर बघून म्हणा, आणि चांगलं म्हणायचं तेही बघूनच. या जूनमध्ये शाळा उघडल्या की घराजवळच्या शाळेत एकदा जाऊन या. बाईंशी बोला, एखाद्या मुलीची वही चाळा, नळ सोडून बघा. आणि निघण्याआधी आठवीच्या वर्गात डोकावून मुली तेवढ्या मोजा.