फुकटच्या ‘दोन मिनिटां’चा धंदा बंद करा

जो ग्राहक अटी लेखी द्यायला कां-कू करतो, तो पुढे पैसे द्यायलाही कां-कू करतो. व्हर्च्युअल असिस्टंटच्या धंद्यातला हा पहिला नियम आहे आणि त्याला अपवाद मला अजून भेटायचा आहे. तरीही आमच्यातल्या कितीतरी जणी फोनवरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर काम घेतात. ‘तुम्ही सुरू तर करा, पैशाचं बघू’ असं समोरच्यानं म्हटल्यावरही घेतात. हे वाक्य ऐकलं की मी फोन ठेवते. प्रत्येकीनं ठेवावा, म्हणून हा लेख.

मी नाशिकमधून हा व्यवसाय चालवते. जोडीला चौघीजणी आहेत. कोणी सटाण्याहून काम करते, कोणी डोंबिवलीहून. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट लावायच्या, ईमेल चाळून उत्तरं द्यायची, बिलं पाठवायची, थकलेल्या बिलांचा तगादा लावायचा, तिकिटं काढायची, वेबिनारच्या नोंदण्या घ्यायच्या, मीटिंगची टिपणं करायची. ऑफिसातला चांगला पीए जे करतो ते सगळं आम्ही दुरून करतो. पीएला पगार, पीएफ, रजा, खुर्ची आणि वीज मालक देतो. आमचं हे सगळं आमच्याच खिशातून जातं आणि ग्राहक नेमका हाच खर्च विसरतो.

नेहमीची मागणी घ्या. ‘रोज आठ तास काम, महिन्याचे दहा हजार देऊ.’ महिन्याला कामाचे २६ दिवस धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासाला ४८ रुपये. यातून इंटरनेट, इन्व्हर्टर, लॅपटॉपची दुरुस्ती, झूम आणि कॅन्व्हाचं सबस्क्रिप्शन वजा करा आणि काय उरतं ते बघा. हा दर सांगणारा माणूस स्वतः तासाच्या सल्ल्याचे हजारो रुपये घेत असतो. वर कारण देतो, ‘नाहीतरी तुम्ही घरीच असता.’ मी घरी असते त्यामुळे त्याचं ऑफिसचं भाडं वाचतं. माझ्या तासाची किंमत त्यानं कमी का व्हावी? आणि हेच कारण तो घरून काम करणाऱ्या पुरुष सल्लागाराला कधी देत नाही.

या स्वस्ताईचं मूळ जुनं आहे. २००७ मध्ये टिमोथी फेरिस यांचं ‘द फोर-अवर वर्कवीक’ हे पुस्तक आलं. आपली कटकटीची कामं दूरदेशीच्या सहायकांवर सोपवा, हा सल्ला त्यानं जगभर पोचवला. त्यात भारतातल्या अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांची नावंही होती. भारतीय सहायक म्हणजे स्वस्त हात, ही समजूत अशा पुस्तकांनी पक्की केली आणि आमच्यातल्या अनेकींनी ती निमूटपणे मान्य केली. परक्या देशातला ग्राहक चलनातल्या फरकाचा फायदा घेणार, हे गृहीतच असतं. चीड येते ती न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी माणसाची. तिकडे सहायक ठेवायचा तर किती डॉलर मोजावे लागतील हे त्याला पुरतं ठाऊक असतं. आमच्याशी बोलताना मात्र तो एकदम रुपयांत येतो. ‘आपल्या माणसांना काम द्यावं म्हणतो’ असं म्हणतो आणि दुकानात पुड्या बांधणाऱ्या पोराच्या पगाराएवढा आकडा सांगतो. त्याच्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. त्याच्या कामासाठी आम्ही आमची रात्र देतो, आणि रात्रीचा दर दिवसापेक्षा जास्तच असला पाहिजे.

दर ठरला तरी लूट थांबत नाही. ती ‘छोट्याशा कामा’च्या वाटेनं चालू राहते. रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : ‘ताई, झोपलात का? दोन मिनिटांचं काम आहे.’ सोबत ३२ पानांची तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ. तिच्यातली पुरवठादारांची नावं, पत्ते आणि जीएसटी क्रमांक एक्सेलमध्ये हवेत आणि सकाळी नऊच्या मीटिंगआधी हवेत. फाइलचं नाव बघितलं तर त्यात तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. म्हणजे तीन आठवडे कागद याच्या टेबलावर पडून होते आणि त्याच्या आळसाची किंमत आमच्यातल्या कोणीतरी झोप मोडून चुकवायची. अशा ग्राहकाला आमचं उत्तर ठरलेलं आहे : ‘सर, काम उद्या सकाळी दहाला हातात घेऊ. तीन तास लागतील. ते या महिन्याच्या तासांतून वजा होतील. आजच हवं असेल तर तातडीच्या कामाचा दर दीडपट आहे, करारातलं कलम चार बघा.’ हे उत्तर गेलं की दहातली आठ तातडीची कामं सकाळपर्यंत थांबायला तयार होतात. याचा अर्थ ती तातडीची नव्हतीच. फुकटात मिळत होती म्हणून रात्री आठवली होती.

आता पैशांकडे येते. बिल पाठवल्यावर मिळणारी उत्तरं मला तोंडपाठ आहेत. ‘अकाउंटंट सुट्टीवर आहे.’ ‘मार्च एंड चालू आहे.’ ‘आमचंच पेमेंट अडकलंय.’ पुण्यातल्या एका व्यावसायिकानं आमचं बिल दिवाळीपासून होळीपर्यंत लटकवलं. त्याच काळात त्यानं नवी गाडी घेतली आणि तिच्या पूजेचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर टाकायचं काम आम्हालाच सांगितलं. त्याआधीच्या बिलातून त्यानं टीडीएस कापला होता. फॉर्म २६ एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून पाहिला तर त्यात त्याच्या नावाचा एक रुपयाही जमा नव्हता. कापलेला कर सरकारला न भरणं म्हणजे चोरी. ही चोरी करणारा माणूस लिंक्डइनवर सचोटीवर लिहितो आणि ते लिखाण तपासून घ्यायलाही आमच्याकडेच पाठवतो.

अशांसाठी कायदा आहे आणि आमच्यातल्या निम्म्या जणींना त्याचा पत्ता नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे आणि सेवा देणारे व्यवसायही त्यात येतात. सरकारकडे ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातलं कलम ४३ बी (एच) लागू झालं. मुदतीत न दिलेल्या अशा पैशांची खर्च म्हणून वजावट ग्राहकाला लगेच मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला हाकलून द्या.

त्या पुण्याच्या माणसाला मी एक पानाचं पत्र पाठवलं. त्यात उद्यम क्रमांक, बिलाची तारीख, कायद्याचं कलम आणि व्याजाचा हिशेब एवढंच होतं. शिवी घातली नाही, गयावया केली नाही. पैसे त्याच आठवड्यात खात्यात आले. त्यानंतर त्यानं आणखी काम देऊ केलं, ते मी घेतलं नाही. आज आमच्या प्रत्येक बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असतो आणि नव्या ग्राहकाचं पहिल्या महिन्याचं काम पूर्ण आगाऊ पैसे आल्याशिवाय सुरू होत नाही.

ग्राहकांना एवढं सुनावल्यावर आपल्याच बायकांनाही सुनावलं पाहिजे. एकीनं १५ हजारांचं कोटेशन दिलं की दुसरी ९ हजारांत तयार होते आणि महिन्याभरात थकून काम अर्धवट टाकते. येत नसलेल्या कामाला ‘हो, जमेल’ म्हणायचं, मग दोन दिवस फोन उचलायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी ‘नेट गेलं होतं’ म्हणायचं. यादीत डॉक्टर पाटलांच्या जागी डॉक्टर पाटणकरांचा नंबर घालायचा आणि न तपासता पाठवायची. हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. एका असिस्टंटनं मोडलेला विश्वास पुढच्या दहाजणींचा दर पाडतो. ‘सात दिवसांत व्हर्च्युअल असिस्टंट व्हा, घरबसल्या लाख कमवा’ असे कोर्स विकणारे हीच फौज तयार करताहेत. ते कॅन्व्हात पोस्ट करायला शिकवतात, फायव्हर या कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर प्रोफाइल उघडून देतात. फायव्हर विकणाऱ्याच्या प्रत्येक शंभरातले २० स्वतः ठेवतं, हे दर काढताना कसं धरायचं ते शिकवत नाहीत. करार कसा लिहायचा, बिल कसं वसूल करायचं, गुपित कसं राखायचं, यावर अवाक्षर काढत नाहीत. त्यांची कमाई कोर्सच्या फीवर चालते. तुमचा धंदा चालला काय, बुडाला काय, त्यांना सोयरसुतक नाही.

गुपिताचं तर विचारूच नका. बँकेचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवणारा ग्राहक आणि तो घेणारी असिस्टंट, दोघंही भामट्यांना दार उघडून देतात. ओटीपी फोनवर सांगणाऱ्या ग्राहकाला आम्ही तिथेच अडवतो. जीमेलमध्ये डेलिगेट नेमायची सोय आहे. तिनं आम्ही ईमेल वाचू शकतो, उत्तरं देऊ शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. कॅलेंडर वेगळं शेअर करता येतं. बाकीचे पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमधून द्यावेत, म्हणजे काम संपलं की काढून घेता येतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संसदेनं मंजूर केला, आणि तरीही पेशंटची नावं, आजार आणि फोन नंबर असिस्टंटच्या मोबाइलमध्ये फॅमिली ग्रुपवरच्या फोटोंच्या शेजारी पडलेले असतात. पेशंटनं आपला आजार डॉक्टरला विश्वासानं सांगितलेला असतो. तो विश्वास सांभाळायची जबाबदारी आमच्याही अंगावर येते.

या कामात अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मार्च महिना बघावा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. आपली हलतच नाहीत. मधल्या दोन-तीन आठवड्यांत मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तिघांच्या ठरलेल्या मीटिंगचं गणित बिघडतं. ग्राहकाला हे लक्षात येतं ते परदेशातला खरेदीदार मीटिंगमधून उठून गेल्यावर. आमच्या ग्राहकांना फेब्रुवारीच्या अखेरीस एक तक्ता जातो : कुठली मीटिंग कोणाच्या घड्याळात कधी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. तो तक्ता कोणी मागितलेला नसतो. न मागता असं काम करणं हीच खरी असिस्टंटगिरी आणि आमच्या दरात तिचेही पैसे असतात.

‘आता चॅटजीपीटी आहे, तुमची गरज काय?’ असं तोंडावर विचारणारेही भेटतात. वापरा की, आम्हीही वापरतो. मसुदा पाच मिनिटांत तयार होतो. पण चिडलेल्या पेशंटला तो मसुदा पाठवायचा की आधी फोन करायचा, हे ठरवणारं आणि चुकलं तर जबाब देणारं माणूसच लागतं. जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे पैसे द्यायचे नसतील तर यंत्रावर भागवा आणि निस्तरायची वेळ आली की रात्री पावणेअकराला आम्हाला उठवू नका.

चांगले ग्राहक असतात आणि त्यांच्यासाठी आम्ही जीव तोडून काम करतो. कोल्हापूरच्या एका डॉक्टरबाई दर सोमवारी वीस मिनिटं फोनवर आठवड्याची कामं सांगतात, प्रत्येक कामापुढे तारीख लावतात आणि त्यानंतर मध्ये लुडबुड करत नाहीत. काम आवडलं नाही तर कुठे चुकलं ते स्पष्ट सांगतात. बिल पाच तारखेला गेलं की आठ तारखेला पैसे येतात. त्यांच्या क्लिनिकमध्ये कुठलं काम कसं करायचं याची एसओपी आम्ही लिहून ठेवली आहे. उद्या आम्ही सोडून गेलो तरी त्यांचं काम अडणार नाही. दोन्ही बाजूंनी धंदा असा केला की नातंही टिकतं.

म्हणून या धंद्यातल्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे. कामाची यादी, महिन्याचे तास, जास्तीच्या तासाचा दर, उत्तर द्यायची वेळ, पैशांची तारीख आणि ३० दिवसांची नोटीस, या सहा गोष्टी एका पानावर लिहा आणि ग्राहकाची सही घ्या. रोजची टाइमशीट भरा आणि महिनाअखेरीस बिलासोबत पाठवा. दिलेली वेळ पाळा. पाळता येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा. आणि तुमच्या यादीतला सगळ्यात जास्त छळणारा, सगळ्यात उशिरा पैसे देणारा ग्राहक या महिन्यातच सोडा. तो गेला म्हणून कोणाची चूल विझत नाही. त्यानं खाल्लेले तास मोकळे होतात आणि त्याच तासांत पैसे देणारं काम शोधता येतं. दर वाढवायची हिंमत आज होत नसेल तर उद्या करा, पण फुकट काम आजच्या आज बंद करा.