कुलूप बदलून काय होणार?

पोपट पिंजऱ्याची कडी उघडतो, म्हणून तिला तार गुंडाळतात. तार सोडवतो, म्हणून कुलूप लावतात. एवढं करूनही धाकधूक राहिली, तर कात्री घेऊन पंख छाटतात. आणि हे सगळं प्रेमापोटी! 'आमचा मिठू फार हुशार आहे हो, दार उघडून पळतो' असं कौतुकाने सांगणारा माणूस पुढच्याच वाक्यात मजबूत पिंजरा कुठे मिळेल ते विचारतो. आपण काय बोलून गेलो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हुशारीचा मुद्दा खरा आहे. २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी पोपटांच्या नात्यातल्या काकाकुवांसमोर एक पेटी ठेवली. आत काजू आणि बाहेर एकात एक अडकलेली पाच कुलुपं. आधी खिळा काढायचा, मग स्क्रू, मग बोल्ट, मग चाक फिरवायचं, शेवटी अडसर सरकवायचा. पिपिन नावाच्या पक्ष्याने कुणाच्याही मदतीशिवाय दोन तासांच्या आत काजू मिळवला. हे एका काजूसाठी. पिंजऱ्याच्या दाराबाहेर तर अख्खं आभाळ आहे.

पोपट बोलतो त्यामागेही हेच डोकं आहे. तो थव्याचा पक्षी. थव्यातल्यांचे आवाज ऐकायचे, उचलायचे, परत करायचे, हे त्याचं जगणं. पिंजऱ्यात थवा नसतो, म्हणून तो आपले शब्द उचलतो. आपल्याला वाटतं, मिठू आपल्याशी बोलतोय. खरं तर आजूबाजूला दुसरं कुणी उरलेलंच नसतं.

आता कायद्याचं बघू, कारण इथे भल्याभल्यांचं अज्ञान दिसतं. गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला आपला हिरवा राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, असे सगळे देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे 'पोपट पळू नये म्हणून काय करावं' हा प्रश्न देशी पोपटापुरता तरी चोरीचा माल कसा सांभाळावा, असाच होतो.

केळापूर तालुक्यात तर हा प्रश्न विचारायला जीभच उचलायला नको. टिपेश्वर अभयारण्य याच तालुक्यात, पांढरकवड्याच्या जवळ. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याच पट्ट्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा देशभरच्या फोनांवर तिच्या नावाचे हॅशटॅग फिरत होते. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला, शेतं, नाले, रस्ते ओलांडत गेला आणि सुमारे ३,००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याच्या वाटेचा नकाशा आपण अभिमानाने शेअर केला. 'याला म्हणतात वाघ!'

तोच कायदा, तेच जंगल. वाघ हद्द ओलांडून गेला की पराक्रम, आणि राघू पिंजरा ओलांडून गेला की तो 'पळाला'. हे दुटप्पीपण आपल्याला खटकत नाही, कारण राघू हातात मावतो. एवढाच फरक.

पिंजऱ्यातला पोपट येतो कुठून, हेही एकदा बघा. हिवाळा सरत आला की पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पिल्लांना पंख फुटायच्या आत कुणीतरी झाडावर चढतं आणि ढोलीत हात घालतं. बाजारात पोचेपर्यंत किती पिल्लं मरतात, ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. त्याने मोजलेले पैसे मात्र पुढच्या हंगामात पुन्हा ढोलीपर्यंत पोचतात.

'पण आमचा लहानपणापासून घरात आहे, बाहेर सोडला तर मरेल.' बरोबर, मरू शकतो. वर्षानुवर्षं न उडलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतं, आणि मांजर, ससाणा त्याला ओळखीचे नसतात. म्हणून गच्चीवर जाऊन त्याला उडवून देण्याचा रील करू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा पांढरकवड्यातच वनविभागाचं कार्यालय आहे, तिथे जा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. पक्षी पुन्हा उडण्याजोगा आहे की नाही, ते जाणकारांना ठरवू द्या.

'पोपट पिकं खातात, त्यांचा एवढा पुळका कशाला?' खातात. ज्वारी भरली की शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर बसतो. पण त्याचं भांडण दाण्यावरून आहे. पोपट उडून गेला की ते संपतं. पिंजरेवाल्याचं भांडण उडण्याशीच आहे.

राहिले परदेशी पक्षी. बजरीगर, कॉकॅटील किंवा नोंदणी केलेला आफ्रिकन ग्रे ज्यांच्याकडे आहे, त्यांनी दार नीट लावलंच पाहिजे, कारण तो पक्षी इथल्या आभाळाचा नाही. बाहेर गेला तर बहुधा उपाशी मरेल, आणि तगलाच तर दुसऱ्याच्या ढोलीवर बसेल. आपलेच राघू लंडनमध्ये असे सुटले आणि आज तिथल्या बागांत त्यांचे थवे आहेत. पण त्यांनाही कुलपाआधी मोठी जागा, कुरतडायला लाकूड, शोधून खायला दाणा आणि सोबत हवी. दिवसभर कडीशी झटणारा पक्षी बहुतेक वेळा कंटाळलेला असतो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, आणि तो घाबरून ती घट्ट धरून ठेवतो. कुणी बांधलेलं नसताना आपण अडकलो असं त्याला वाटतं. सातशे वर्षांहून जुन्या या दृष्टान्तात पोपटाची जागा आता पिंजरेवाल्याने घेतली आहे. 'त्याला माझी सवय झालीय, तो माझ्याशिवाय राहू शकत नाही' म्हणत नळी त्यानेच धरून ठेवली आहे. पोपट केव्हाचा कडी उघडून दाखवतोय.

तेव्हा कडी उघडणाऱ्या राघूचा व्हिडिओ पुढच्या वेळी फोनवर आला, तर लाइक करायच्या आधी तो पक्षी देशी आहे का, ते बघा. आणि पिंजरा ओळखीच्या घरातला असेल, तर १९२६ हा नंबर त्या घरी पाठवा.